वाचता येते, पण वाचत का नाही?

पोहरादेवीच्या परिसरातील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. पत्र कोणाकडून तरी लिहून घेतलेले होते, हे अक्षरावरून कळत होते; बोल मात्र तिचे स्वतःचे होते. ती म्हणते, "पोरगा चौथ्या वर्गात आहे. त्याचे बाबा पुण्याले बांधकामावर असतात, मी इथं रोजानं वावरात जाते. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. पोरानं शिकावं, हेच एक ध्यान. पण पुस्तक उघड म्हटलं की त्याचं पोट दुखते. शाळेत म्हणतात, तो ढ आहे. तो खरंच ढ आहे काय, तेवढं सांगा."

पत्रातील शेवटच्या प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. अशा प्रश्नाला घरी बसून उत्तर देता येत नाही. म्हणून त्या बाजूला जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही वाट वाकडी करून त्या माउलीच्या घरी गेलो.

वाचकांपैकी अनेकांना पोहरादेवी ठाऊक असेलच. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या कानाकोपऱ्यातून बंजारा बांधव लोटतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. परंतु यात्रा उठली की आजूबाजूच्या खेड्यांत मागे उरते ती कोरडवाहू शेती, रोजमजुरी आणि दिवाळीनंतर पोट भरण्यासाठी बाहेरगावी निघणारी कुटुंबे. आपल्या वस्तीतले मूल आणि तांड्यावरचे मूल एकाच शाळेत, एकाच सतरंजीवर बसते. दोघांच्या घरचे हाल सारखेच. म्हणून आज आम्ही जे लिहिणार आहोत ते दोघांसाठीही आहे.

मुलगा चुणचुणीत होता. आम्ही मुद्दाम पुस्तकाचा विषय काढला नाही. परतताना तो आम्हाला एस.टी.पर्यंत पोचवायला आला. लांबून गाडी दिसताच म्हणाला, "ही तुमची नाही, ही दिग्रस आहे." पाटी आम्हाला अजून नीट दिसतही नव्हती! थोड्या वेळाने त्याने रसवंतीचा फलक वाचला, मोबाईलच्या दुकानावरची पाटी वाचली, भिंतीवर रंगवलेली खताची जाहिरात वाचली. आम्ही विचारले, "अरे, तुला तर छान वाचता येते. मग शाळेत काय होते?" बराच वेळ तो पायाने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, "उभं केलं होतं वाचाले. 'मला' लिहिलं होतं, मी 'मले' वाचलं. सारे हसले."

माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथेच मिळाले. पोरगा ढ नाही. वाचनाची गाठ त्याच्या मनात लाजेशी बसली आहे. एस.टी.ची पाटी वाचताना कोणी हसत नाही, म्हणून ती तो वाचतो. पुस्तक उघडले की तो दिवस आठवतो, म्हणून पोट दुखते.

बंधू-भगिनींनो, वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचता येण्याची आजची स्थिती काही फार चांगली नाही. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीत जाऊनही मागेच. यावर उपाय म्हणून अक्षरओळख, जोडाक्षरे, सराव आणि चाचण्या यांवर जोर दिला जातो, तो दिलाच पाहिजे. पण ज्याला वाचावेसेच वाटत नाही तो सराव करणार कसा? आणि जो वाचत नाही त्याचे वाचन सुधारणार कसे? मुलाला वाचनाची गोडी लावणे हे शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचे काम नव्हे. ते शिकवण्याचाच भाग आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागलेला भीमराव नावाचा मुलगा पुढे जगातील एक थोर वाचक झाला, तो शाळेच्या कृपेने नव्हे. सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी. मुलाला पुस्तक हवे असले की ते लेकींच्या घरी जाऊन उसने पैसे मागत, वेळ पडली तर लेकीचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला हटकले नाही, त्याची विचारपूस केली. पुढे शालेय परीक्षेतील यशाबद्दल समाजाने भीमरावाचा सत्कार केला, तेव्हा दादा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते पुस्तक वाचून आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षी लिहून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले त्याच्या किती मागे, शाळकरी वयात हाती पडलेले ते एक पुस्तक आहे, याचा विचार करावा.

येथे लक्षात घ्यायचे ते असे, की वडिलांनी पुस्तक मिळवून दिले आणि शिक्षकांनी मुलाची वाचनाची ओढ ओळखली. दोघांपैकी कोणीही "वाच, नाहीतर मार खाशील" असे म्हटले नाही.

मग आजच्या वर्गात काय करता येईल? आम्ही अनेक शाळांतील गुरुजी-बाईंशी बोललो आहोत. त्याच परिसरातील एका तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेतही जाऊन बसलो. जे पाहिले आणि जे पटले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, शिक्षकांनी रोज दहा मिनिटे मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. धडा नव्हे, गोष्ट. त्यावर प्रश्नोत्तरे नाहीत, शब्दार्थ नाहीत. त्या तांड्यावरच्या शाळेत बाई परिपाठ झाला की एक गोष्ट वाचत, आणि रंगात आली की नेमकी तेथेच थांबवत. उरलेली उद्या. मधल्या सुट्टीत मुले त्या पुस्तकाभोवती गोळा होऊन पुढे काय झाले ते शोधत. ज्यांना वाचता येत होते ते वाचत, येत नव्हते ते चित्रे पाहत आणि दुसऱ्याला विचारत.

ही रीत आपल्याला नवी नाही. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, सारे ऐकतात. पाटी-पेन्सिल कधी हाती न धरलेल्या आपल्या आज्या त्या ऐकण्यातून ग्रंथातील प्रसंग तोंडपाठ सांगतात. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही पत्रेही अशीच पोचली. वस्तीत एखादा साक्षर असे, तो दिव्याखाली वाचे आणि बाकीचे कान देऊन ऐकत. विहारात कोणी परीक्षा घेत नाही, कोणी चुकले म्हणून हसत नाही, तरीही माणसे दुसऱ्या दिवशी परत येतात. वर्गात हेच वातावरण हवे आहे.

दुसरी गोष्ट, पुस्तके मुलांच्या हाताला लागली पाहिजेत. कित्येक शाळांत गोष्टींची चांगली पुस्तके असतात, पण कपाटात आणि कुलपात. फाटतील, हरवतील, हिशेब द्यावा लागेल, ही भीती. गुरुजींची अडचण आम्हाला कळते. पण न फाटलेले आणि न वाचलेले पुस्तक कोणाच्या उपयोगाचे? त्या शाळेत भिंतीला सुतळी बांधून तिच्यावर पुस्तके उघडी टांगली होती, पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतक्या खाली. फाटलेले पान मुलेच खळीने चिकटवत. आठवड्यातून एकदा ज्याला जे हवे ते पुस्तक घरी न्यायला मिळे, आणि नोंदवहीत नाव लिहायचे काम चौथीची मुले करत.

पुस्तक निवडायचे मुलानेच. चौथीच्या मुलाने पहिलीचे पातळ, चित्रांचे पुस्तक उचलले तर "हे तुझ्या वर्गाचे नाही" असे म्हणू नये. निवड जमावी म्हणून बाईंनी एक सोपी खूण शिकवली होती. कोणतेही पान उघडायचे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर हे पुस्तक सध्या जड आहे, दुसरे घ्यायचे. यात शरमेचे काही नाही, कारण सगळेच बोटे मोजतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाचपडणाऱ्या मुलाला साऱ्या वर्गासमोर एकाएकी उभे करून वाचायला लावू नये. आधी मनात वाचू द्यावे, मग शेजाऱ्याबरोबर, मग चार जणांनी मिळून एका सुरात, आणि तयारी झाली की एकट्याने. त्या शाळेत चौथीचे मूल पहिलीच्या मुलाला जवळ घेऊन रोज थोडा वेळ वाचून दाखवी. यात कच्च्या मुलाचाच जास्त फायदा होतो. धाकट्याला वाचून दाखवायचे म्हणून तो सोपे पुस्तक न लाजता घेतो, आदल्या दिवशी दोनदा वाचून येतो, आणि ऐकणारा त्याला हुशारच समजतो. ज्या समाजाच्या दोन पिढ्यांपूर्वीच्या लेकरांना वर्गाबाहेर बसावे लागले, त्याच्या आजच्या लेकराने वर्गात बसूनही मान खाली घालावी, हे आपल्याला कसे चालेल?

चौथी गोष्ट बोलीची. आपले मूल घरी वऱ्हाडी बोलते. 'मले', 'तुले', 'काऊन' ही त्याची मायबोली. तांड्यावरचे मूल तर गोरमाटी बोलते. आईला ते 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी'. शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या कानी पडते ती पुस्तकातली मराठी. "तुमची भाषा अशुद्ध" असे त्याला ऐकवले की ते गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल वाचायला लागत नाही. त्या बाईंनी काय केले? तांड्यातील एका आजीला शाळेत बोलावले. आजीने गोरमाटीत गोष्ट सांगितली. मुलांनी ती फळ्यावर आधी गोरमाटीत उतरवली, मग खाली प्रमाण मराठीत. वह्यांची कोरी पाने दोऱ्याने शिवून, चित्रे काढून त्याचे पुस्तक केले आणि तेही सुतळीवर टांगले. आपल्या वस्तीतील मुलांनी वऱ्हाडीत गोष्ट लिहिली. सबंध शाळेत सर्वांत जास्त मळलेली, म्हणजेच सर्वांत जास्त वाचलेली, पुस्तके तीच होती! प्रमाण मराठी शिकवायची नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती आलीच पाहिजे, नाहीतर पुढची दारे बंद होतील. पण मूल 'मले' म्हणाले तर गुरुजींनी हसू न देता सांगावे, "आपण घरी मले म्हणतो, पुस्तकात मला लिहितात." एवढ्या एका वाक्याने आमच्या त्या मुलाचे पोट दुखायचे थांबले असते.

पाचवी गोष्ट बक्षिसांची. "दहा पुस्तके वाचा आणि पेन मिळवा" असे उपक्रम हौसेने केले जातात. हेतू चांगला असतो, पण जपून. अमेरिकेत १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिले, काहींना काहीच सांगितले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षिसाचे आमिष दाखवलेली मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. खेळ होता त्याचे काम झाले. वाचनाचेही तसेच होते. मूल पाने मोजू लागते, गोष्ट विसरते. द्यायचेच असेल तर पुस्तकच द्यावे, किंवा आणखी चांगले म्हणजे "तू वाचलेले मला सांग" असे म्हणून पाच मिनिटे त्याच्याजवळ बसावे.

हे सारे कागदावर गोड दिसते, प्रत्यक्षात होत नाही, असे कोणी म्हणेल. फलटणचे उदाहरण पाहावे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई भारतात आल्या, येथील नागरिक झाल्या आणि फलटणमध्ये दलित वस्तीतील, शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. गोष्टी, पुस्तके आणि मुलांचे स्वतःचे लेखन यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. गरिबाच्या मुलाला वाचनाची आवड नसते, हा समज अशा कामाने खोटा ठरवला आहे. सरकारनेही २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून सुरू केला. चांगले आहे. पण एक दिवस पुस्तके मांडायची, फोटो काढायचा आणि पुन्हा कपाटात ठेवायची, असे झाले तर त्याने काय साधणार? प्रेरणा रोजच्या दहा मिनिटांतून येते.

आता पालकांनी काय करावे? आमच्या भगिनींना आम्ही तीन कामे सांगतो.

एक, शाळेला विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या वस्तीतील महिलेने त्या समितीत बसावे, आणि भांडणाच्या सुरात नव्हे, हक्काच्या सुरात विचारावे, "सर, कपाटातली पुस्तके मुलांना कोणत्या दिवशी मिळतात?" हंगामात कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी निघताना गुरुजींकडून दोन-चार पुस्तके मागून न्यावीत. मुलाची शाळा तुटली तरी पुस्तक तुटू नये.

दोन, घरी ऐका. "मला वाचता येत नाही, मी काय करू?" असे माता म्हणतात. आम्ही म्हणतो, तुमच्याइतका चांगला श्रोता दुसरा नाही. भाकरी थापताना म्हणावे, "बाबू, मले ती गोष्ट वाचून दाखव, मले येत नाही." त्याच्या चुका तुम्हाला कळणार नाहीत, हेच बरे! जे गुरुजींसमोर अडते ते आईसमोर सरळ होते. घरात स्मार्टफोन असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यावर फुकट वाचायला मिळतात.

तीन, विहारात एक फळी मुलांच्या पुस्तकांची ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.वर जातात त्यातले थोडे पैसे त्या फळीसाठी काढावेत. वर्षावासात मोठ्यांचे ग्रंथवाचन सुरू होण्याआधी दहा मिनिटे एखाद्या मुलाने गोष्ट वाचावी आणि मोठ्यांनी ऐकावी. वाढदिवस असो की नामकरण, एक पुस्तक भेट द्यावे. दादा केळुस्करांनी दिले तसे.

जे गुरुजी-बाई हे वाचत असतील त्यांना आमची विनंती आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, शिवाय वर माहितीचे कागद भरायचे, हे तुमचे ओझे आम्ही पाहिले आहे. त्या मुलाला ढ म्हणणाऱ्या शिक्षकांनाही आम्ही दुष्ट म्हणत नाही. पण वर्गातले एक हसू मुलाला वर्षभर पुस्तकापासून दूर ठेवू शकते. तेवढे ध्यानात असू द्यावे.

जाता जाता आम्ही त्या घरी एक पातळसे गोष्टीचे पुस्तक ठेवून आलो होतो. वाच असे काही सांगितले नव्हते. मागच्या आठवड्यात माउलीचा फोन आला. वर्गात तो अजून बोलत नाही, म्हणाली. उभे केले की गप्पच राहतो. पण संध्याकाळी आजीजवळ बसून तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो, आणि आजीला आता ते इतके पाठ झाले आहे की तो एखादे वाक्य गाळून पुढे गेला तर तीच त्याला अडवते.

"दुसरं पुस्तक पायजे म्हणते," माउली म्हणाली.

आम्ही ते दुसऱ्याच दिवशी टपालात टाकले. जयभीम.